आरसा घेऊन बघा: बाह्य जननांगाची ओळख

‘खाली जळजळ होते’ एवढं सांगून बाई गप्प बसली की डॉक्टरही अंदाजाने लघवीची तपासणी किंवा बुरशीचं मलम लिहून देतात. जळजळ लघवीच्या वाटेत आहे, योनीच्या तोंडाशी आहे की बाहेरच्या त्वचेवर, यावर निदान आणि औषध दोन्ही बदलतं. तक्रार नसताना हा भाग एकदा नीट बघून ठेवला, तर पुढे बदल झालेला चटकन कळतो.

पाळीचे दिवस टाळा. हात धुऊन, पाठीला उशी लावून, गुडघे वर घेऊन बसा. हातातला छोटा आरसा मांड्यांच्या मध्ये धरा आणि उजेड बाजूने पडू द्या. आरशाऐवजी मोबाईलचा कॅमेरा नको, कारण फोटो आपोआप क्लाउडवर जाऊन बसतात. आता पुढून मागे बघत या.

सगळ्यात वर केसांचा मऊ उंचवटा असतो. तिथून मागे मांसल मोठे भगोष्ठ, म्हणजे दोन्ही बाजूंच्या त्वचेच्या घड्या, येतात. दोन बोटांनी ते बाजूला केले की आत बिनकेसांचे, पातळ लहान भगोष्ठ दिसतात. सगळ्यात जास्त भीती याच पाकळ्यांबद्दल असते, आणि तीही विनाकारण. लंडनमध्ये 50 स्त्रियांची मापं घेऊन 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांची रुंदी 7 मिलिमीटरपासून 5 सेंटिमीटरपर्यंत भरली. एक लांब, एक आखूड, कडा चुण्यांची, बाहेर डोकावणारी हे सगळं निरोगी. वयात येताना आणि गरोदरपणात रंग गडद होतो तो हार्मोन्समुळे, मळामुळे नाही. तिथे उजळवणारी क्रीम लावू नका. बारीक पिवळसर-पांढरे ठिपके दिसले तर त्या तेलग्रंथी आहेत, फोडायच्या नाहीत.

लहान भगोष्ठ पुढे जिथे मिळतात तिथे त्वचेच्या टोपीखाली शिश्निकेचं (क्लिटोरिसचं) टोक असतं. दिसतं ते जेमतेम 3 ते 10 मिलिमीटर. बाकीचा अवयव आत आहे: दोन पाय जघनास्थीला (ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाला) धरून मागे जातात आणि दोन फुगीर भाग योनिमुखाच्या दोन्ही बाजूंना असतात. मेलबर्नच्या युरोलॉजिस्ट हेलन ओ’कॉनेल यांनी 1998 मध्ये ही रचना विच्छेदनातून तपशीलवार मांडली, तोवर बऱ्याच पाठ्यपुस्तकांत ती अर्धवटच होती. टोपीखाली पांढरा थर साठला तर ओल्या बोटाने हलकेच पुसावा. टोपी मागे सरकत नसेल तर ओढू नये.

टोकाच्या साधारण दोन-अडीच सेंटिमीटर मागे मूत्रद्वार असतं. ते बारीक चिरेसारखं असल्याने पहिल्यांदा सापडत नाही. हलकं खोकलं तर जागा कळते. बाईची मूत्रनलिका जेमतेम 4 सेंटिमीटर. गुदद्वाराजवळचे जंतू मूत्राशयापर्यंत लवकर पोचतात ते म्हणूनच. धुताना आणि पुसताना हात पुढून मागेच जायला हवा.

त्याच्या मागे योनिमुख आणि त्याच्या कडेला योनिपटल. हे पटल म्हणजे बंद पडदा नव्हे, कडेची लवचिक घडी आहे; मध्ये जन्मापासूनच वाट असते, म्हणून तर पाळी बाहेर येते. पहिल्या संबंधात रक्त येईलच असं नाही, आणि पटल बघून कौमार्य सांगता येतच नाही. तरीही कंजारभाट समाजात लग्नाच्या रात्री पांढरी चादर तपासली गेली आहे, आणि त्याविरुद्ध याच समाजातली तरुण मुलं 2018 मध्ये उघडपणे उभी राहिली. बलात्काराच्या तपासणीतली ‘दोन बोटांची चाचणी’, म्हणजे योनीत बोटं घालून आधी संबंध आले होते का हे ठरवणं, हे गैरवर्तन ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये बजावलं. क्वचित पटलाला वाटच नसते: मुलगी चौदा-पंधराची होते, दर महिन्याला ओटीपोटात कळा येतात, पाळी मात्र येत नाही. तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या; छोट्या शस्त्रक्रियेने वाट मोकळी होते.

योनिमुखाला घड्याळ मानलं तर 4 आणि 8 च्या जागी बार्थोलिन ग्रंथी असतात, वाटाण्याएवढ्या. एरवी त्या हाताला लागत नाहीत. नळी तुंबली की एका बाजूला गाठ येते. दुखत नसेल तर कोमट पाण्यात दिवसातून तीन-चारदा 10-15 मिनिटं बसावं. ठणका, ताप, लाली म्हणजे पू झाला. घरी दाबून फोडू नये. चाळिशीनंतर नव्याने गाठ आली तर दुखत नसली तरी तपासून घ्यावी.

योनीच्या आत धुवायचं नाही. तिथले लॅक्टोबॅसिलस जंतू आम्लता 3.8 ते 4.5 पीएचच्या आसपास राखतात. साबण, जंतुनाशक, सुगंधी वॉश ती बिघडवतात आणि अंगावरून पांढरं जास्त जायला लागतं. बाहेरून साधं पाणी पुरतं.

एक आजार मात्र वर्षानुवर्षं बुरशी समजून चुकीच्या मलमांवर काढला जातो, म्हणून त्याबद्दल सविस्तर: लायकेन स्क्लेरोसस. खाज रात्री वाढते, त्वचा पांढरट, चकचकीत, सुरकुतलेल्या कागदासारखी होते, जराशा घासण्याने फाटते. पुढे लहान भगोष्ठ विरघळल्यासारखे चिकटतात, टोपी शिश्निकेवर बंद होते. पाळी गेलेल्या बायकांत जास्त, पण लहान मुलींतही दिसतो. तो संसर्ग नाही, कुणाकडून लागत नाही. उपचार म्हणजे तीव्र स्टिरॉइड मलम, तेही डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे: साधारणपणे पहिला महिना रोज रात्री, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्यातून दोनदा. खाज थांबली की मलम बंद करणं ही नेहमीची चूक. त्वचा आतून सुजलेलीच असते. चिकटलेला भाग मलमाने सुटत नाही, म्हणून लवकर गाठणं महत्त्वाचं. उपचाराविना राहिलं तर थोड्या जणींत तिथेच कर्करोग होतो. न भरणारी जखम, टणक गाठ किंवा जाडसर झालेला चट्टा दिसला तर नवं मलम मागू नका, ‘बायोप्सी (त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासणी) करायची का?’ असं थेट विचारा.