क्लायंटच्या रकान्यातला एक ‘मस्ट’

आमच्या मसुद्यात क्लायंटवरच्या, म्हणजे छपाईची विनंती पाठवणाऱ्या प्रोग्रामवरच्या, अटींचा एक तक्ता होता. त्यात ३४ ओळी होत्या. त्यातल्या ३३ दोन बैठकांत मिटल्या. उरलेल्या सतराव्या ओळीने नऊ आठवडे खाल्ले. ती मंजूर होऊन आता बराच काळ लोटला, तरी तिच्यावर आलेल्या आक्षेपाच्या फॉर्मची आठवण निघाली की माझं डोकं अजून तापतं. असलं काम आणखी कुणाच्या वाट्याला आलं तर त्यांचे आठवडे वाचावेत, म्हणून लिहून ठेवते.

काम असं होतं. नेटवर्कवरच्या एकाच यंत्राकडून छपाई करून घ्यायची आणि फॅक्सही पाठवायचा, दोन्ही इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉलवरून, म्हणजे आयपीपीवरून. त्यासाठी आमच्या गटाला एक प्रोफाइल लिहायचं होतं: प्रिंटरला काय आलंच पाहिजे आणि क्लायंटला काय आलंच पाहिजे. क्लायंटचा तक्ता माझ्याकडे आला.

प्रिंटरची बाजू लिहिणाऱ्या सहकाऱ्याला तयार पाया होता. आयपीपी १.१ मध्ये प्रिंटरला सहा ऑपरेशनं सक्तीची आहेत: प्रिंट-जॉब, व्हॅलिडेट-जॉब, कॅन्सल-जॉब, गेट-जॉब्ज, गेट-जॉब-ॲट्रिब्यूट्स आणि गेट-प्रिंटर-ॲट्रिब्यूट्स. विनंती पाठवा, उत्तर बरोबर येतं का बघा, झाली तपासणी. क्लायंटचं तसं नाही. विनंती पाठवणारा तोच. एखादं ऑपरेशन त्याने पाठवलंच नाही, तर त्याला ते येत नाही की त्याला गरज पडली नाही, हे बाहेरून कसं ओळखायचं? क्लायंटवर अट लिहिताना हा प्रश्न प्रत्येक ओळीला विचारा. मी तो सतराव्या ओळीला उशिरा विचारला.

सोप्या ओळींबद्दल फार सांगण्यासारखं नाही. प्रत्येक विनंतीत ॲट्रिब्यूट्स-कॅरसेट (अक्षरसंच कोणता) पहिलं आणि नॅचरल-लँग्वेज (भाषा कोणती) दुसरं असलंच पाहिजे. उत्तरात अनोळखी ॲट्रिब्यूट, म्हणजे माहितीचा अनोळखी रकाना, आलं तर क्लायंटने कोलमडायचं नाही, ते सोडून पुढे जायचं. आयपीपीच्या मूळ आरएफसीतच, म्हणजे इंटरनेटची मानकं ज्यात छापतात त्या दस्तऐवजातच, हे आहे, त्यामुळे कुणी हूं की चूं केलं नाही.

सतरावी ओळ मी पहिल्यांदा अशी लिहिली होती: ‘फॅक्स जॉबचा अंतिम निकाल क्लायंटने वापरणाऱ्याला कळवलाच पाहिजे.’ शेवटी मस्ट, म्हणजे पूर्ण सक्ती.

मला हा मस्ट का हवा होता ते सांगते. छपाईत आपण यंत्राशी जातो, कागद दिसतो, काम झालं. फॅक्सचा कागद दुसऱ्याच्या यंत्रातून निघतो. प्रिंटरने ‘सक्सेसफुल-ओके’ असं उत्तर दिलं याचा अर्थ एवढाच की जॉब त्याने ठेवून घेतला. जॉब-स्टेट, म्हणजे जॉबची अवस्था, तेव्हा ३ असते: पेंडिंग, अजून बाकी. खरं काम त्यानंतर सुरू होतं. नंबर फिरवायचा, लाइन व्यस्त असेल तर थांबून पुन्हा फिरवायचा, पलीकडचं यंत्र भेटलं की टी.३० या फॅक्सच्या मानकाप्रमाणे दोघांनी वेग आणि रेझोल्यूशन ठरवायचं, मग पान पाठवायचं, आणि पान नीट मिळाल्याची एमसीएफ ही पावती पलीकडून यायची. ती पावती फक्त प्रिंटरला दिसते. सगळं जमलं तर जॉब-स्टेट ९ होते, नाही जमलं तर ८. ३ पासून ९ पर्यंत काही मिनिटं सहज जातात, आणि बरेच क्लायंट ३ दिसताच ‘पाठवलं’ असं सांगून मोकळे होतात. माणूस निर्धास्त होतो आणि फॅक्स पोचलेलाच नसतो. मला ते सहन होत नव्हतं.

आक्षेप आला तो पुनरावलोकन समितीच्या फॉर्मवर. फॉर्मला चार चौकटी: ओळ क्रमांक, आक्षेप, कारण, पर्यायी मजकूर. कारणाच्या चौकटीत दोन वाक्यं होती. ‘ही अट यूजर इंटरफेस ठरवते. आरएफसी २११९, कलम ६ पाहावे.’ (आरएफसी २११९ म्हणजे मस्ट, शुड, मे हे शब्द मानकांत कसे वापरायचे ते सांगणारा दस्तऐवज.) पर्यायी मजकुराची चौकट कोरी. नियम असा की आक्षेप घेणारा तो मागे घेत नाही तोवर ओळ अडकून राहणार. समिती दोन आठवड्यांतून एकदा बसायची.

मी उत्तर लिहिलं. दोन आठवड्यांनी तोच आक्षेप, तीच दोन वाक्यं, कोरी चौकट. मग मी तीन पानांचं उत्तर लिहिलं, त्यात सगळे जॉब-स्टेट, एमसीएफ, सगळं घातलं. पुन्हा दोन आठवडे. पुन्हा तीच दोन वाक्यं. ती तीन पानं कुणी वाचली असतील असं मला आजही वाटत नाही. नुसता विरोध असता तर मी भांडले असते. पण ‘मग काय लिहू’ एवढ्या साध्या प्रश्नाला कुणी उत्तर देत नव्हतं, आणि सगळा मसुदा त्या एका ओळीसाठी खोळंबला होता. गटातल्या एकाने सुचवलं की सरळ ‘शुड’ कर आणि सुट. मी नाही म्हटलं. १९९७ च्या त्या आरएफसीत शुडचा अर्थ स्पष्ट आहे: सबळ कारण असेल तर परिणाम समजून घेऊन ही गोष्ट सोडता येते. फॅक्सच्या बाबतीत सगळेच ती सोडून बसले होते.

पाचव्या आठवड्यात गाडी हलली, आणि ती समितीमुळे नाही. आम्ही चाचणीच्या टेबलावर एक क्लायंट तपासत होतो. प्रिंट-जॉबने फॅक्स पाठवला आणि शेवटचे बाइट गेल्यावर, उत्तर येण्याआधी, सहकाऱ्याने नेटवर्कची केबल काढली. मिनिटभराने परत लावली. उत्तर मिळालं नाही म्हणून क्लायंटने आपला आपण जॉब पुन्हा पाठवला. थोड्या वेळाने मी पलीकडच्या फॅक्स यंत्राजवळ गेले तर ट्रेमध्ये दोन पानं पडलेली. मजकूर अक्षर न् अक्षर सारखा. फक्त वरच्या बारीक ओळीतली वेळ वेगळी, चार मिनिटांच्या अंतराने. पहिला फॅक्स आधीच पोचला होता. क्लायंटला ते माहीत नव्हतं आणि त्याने विचारलंही नव्हतं.

छपाईत असं झालं तर आपलाच एक कागद वाया जातो. इथे परक्या माणसाच्या हातात एकाच मागणीपत्राच्या दोन प्रती पडतात, आणि दुसरी चुकून आलेली आहे हे त्याला कळायला काही मार्ग नसतो.

त्या रात्री मी कलम ६ पहिल्या शब्दापासून वाचलं. तोवर मी समितीने बोट ठेवलेला भागच वाचत होते: परस्परांशी जुळण्यासाठी गरज नसताना एखादी पद्धत इतरांवर लादायला मस्ट वापरू नये. त्याच्या आधीच्या वाक्यात मस्ट कुठे वापरावा ते दिलं आहे. एक, यंत्रं एकमेकांशी जुळावीत म्हणून. दोन, ज्याने नुकसान होऊ शकतं असं वागणं रोखावं म्हणून. आणि नुकसानीचं कंसातलं उदाहरण कोणतं, तर पुन्हा पुन्हा पाठवण्याला मर्यादा घालणं! माझी अडचण नावानिशी तिथे लिहिलेली होती, आणि आक्षेपही त्याच कलमाच्या आधाराने घेतला होता.

मग ओळ मुळापासून बदलली. वापरणाऱ्याला काय दाखवायचं हा भाग काढून वेगळ्या ओळीत शुड म्हणून टाकला. तो उतरवताना मला वाईट वाटलं, पण पडद्यावर काय दिसतं ते तारेवरून तपासता येत नाही, हे मान्य करावं लागलं. नवी सतरावी ओळ अशी झाली: ‘विनंतीत डेस्टिनेशन-यूआरआयज् असेल तर क्लायंटने क्रिएट-जॉब आणि सेंड-डॉक्युमेंट वापरलंच पाहिजे, क्रिएट-जॉबच्या उत्तरातला जॉब-आयडी ठेवलाच पाहिजे, आणि कनेक्शन तुटल्यास नवा जॉब तयार करण्याआधी त्या जॉब-आयडीने गेट-जॉब-ॲट्रिब्यूट्स विचारलंच पाहिजे.’

डेस्टिनेशन-यूआरआयज् म्हणजे फॅक्स ज्यांना जायचा ते नंबर. प्रिंट-जॉब का नको? कारण त्यात विनंती आणि मजकूर एकत्र जातात. उत्तर हरवलं तर हातात जॉब-आयडीच नाही, मग विचारणार कशाबद्दल? क्रिएट-जॉबमध्ये आधी क्रमांक हातात येतो, मग कागद जातो. शेवटच्या बैठकीत एकाने बरोबर विचारलं की क्रिएट-जॉबचंच उत्तर हरवलं तर? तर काही बिघडत नाही. मजकूर गेलेलाच नसतो, त्यामुळे पलीकडे पाठवायला काही नसतं. तो रिकामा जॉब प्रिंटर आपल्या टाइमआउटप्रमाणे निकाली काढतो.

आणि वाक्यातलं पहिलं ‘असेल तर’ विसरू नका. नुसती छपाई करणारे छोटे क्लायंट प्रिंट-जॉबवरच चालतात. त्यांना हा नियम लावला असता तर दुसऱ्या बाजूने आक्षेप आला असता, आणि तो रास्त असता.

या ओळीसोबत मी चाचणीही लिहून दिली. खोटा प्रिंटर क्रिएट-जॉबला उत्तर देतो, सेंड-डॉक्युमेंट अर्ध्यावर असताना कनेक्शन तोडतो आणि त्या क्लायंटकडून पुढची विनंती काय येते ते बघतो. आयपीपीच्या विनंतीत पहिले दोन बाइट आवृत्तीचे आणि पुढचे दोन ऑपरेशनचे. तिथे ९ आला तर क्लायंटने विचारपूस केली, पास. ५ आला तर त्याने सरळ नवा जॉब उघडला, नापास. वाद घालायला जागाच राहत नाही. आधी चाचणी लिहा, मग मस्ट लिहा. हे मला पहिल्या आठवड्यात कुणी सांगायला हवं होतं.

फॉर्मची कोरी चौकट मीच भरली. पर्यायी मजकूर म्हणून नवी ओळ, कारण म्हणून कलम ६ चं दुसरं वाक्य. समितीने आक्षेप मागे घेतला, वीस मिनिटांत. तुमच्यावर असा आक्षेप आला तर ती चौकट दुसऱ्या कुणीतरी भरेल म्हणून थांबू नका.

मध्येच राहिलेल्या दोन गोष्टी. क्लायंटने सतत विचारत बसण्यापेक्षा आरएफसी ३९९५ ची नोटिफिकेशन व्यवस्था सक्तीची करा, असंही सुचवलं गेलं होतं. चांगली व्यवस्था आहे, पण ती प्रिंटरलाही यावी लागते, आणि आमची अडचण एका साध्या प्रश्नाने सुटत होती. म्हणून ती मे, म्हणजे ऐच्छिक, राहिली. दुसरी गोष्ट, एका जॉबमध्ये पाच नंबर असतील तर नुसत्या जॉब-स्टेटवर जाऊ नका. डेस्टिनेशन-स्टेटसेसमध्ये प्रत्येक नंबरचा निकाल वेगळा असतो. चौघांना मिळाला आणि एकाला नाही, तर पुन्हा पाठवायचं ते त्या एकालाच.

आमचेच दोन क्लायंट त्या चाचणीत पहिल्यांदा नापास झाले. दोघांकडूनही ५ आला. दुरुस्ती करायला फार वेळ लागला नाही, जॉब-आयडी साठवून ठेवायची जागा तेवढी हवी होती. दुसऱ्या फेरीला मी मुद्दाम जाऊन बसले. सहकाऱ्याने खोटा प्रिंटर चालू केला, कनेक्शन तुटलं, लॉग काही सेकंद थांबला आणि पुढची विनंती आली. तिसरा बाइट शून्य, चौथा ९. त्या लॉगचं पान मी छापून ठेवलं आहे.