टेलस्टॉक कुणी हलवला?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमच्या शेडमध्ये चार लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कातायची यंत्रं. नवं पोरगं आलं की त्याला दाराजवळचा, सगळ्यांत म्हातारा लेथ मिळतो. बावीस वर्षांपूर्वी मलाही तोच मिळाला होता.

त्या दिवशी कळंब्याच्या आयटीआयतून आलेलं पोरगं माझ्या मागं येऊन उभं राहिलं. "मेस्त्री, जॉब बरोबर येईना झालाय." जॉब म्हणजे लेथवर कातायला धरलेला तुकडा.

असलं काही ऐकलं की माझं डोकं फिरतं. बरोबर येईना म्हणजे काय? पण आधीच्या पोराला मी असाच खेकसलो होतो. त्यानं मग विचारायचंच बंद केलं, आणि अख्खा लॉट भंगारात गेला तेव्हा कुठं आम्हाला कळलं. म्हणून दात आवळून म्हटलं, "दोन्ही टोकांना आणि मधे माप घे, लिहून आण."

दहा मिनिटांनी पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन आलं. तेलकट बोटांचे ठसे, त्यात आकडे: चकाकडं, म्हणजे जॉबचं एक टोक धरून फिरवणाऱ्या पकडीकडं, 32.00 मिलिमीटर, मधे 32.06, टेलस्टॉककडं, म्हणजे दुसऱ्या टोकाला टेकू देणाऱ्या भागाकडं, 32.12.

पुठ्ठा बघूनच निम्मं काम झालं. मधे जाड असता तर जॉब कातणाऱ्या टूलच्या दाबानं वाकतोय. कट टेलस्टॉककडून चकाकडं चालला होता, त्यामुळं टूल झिजलं असतं तर चकाकडं जाड आला असता. हा एकसारखा टेलस्टॉककडं वाढत गेलेला. म्हणजे टेलस्टॉक टूलपासून पलीकडं सरकलाय. माप आरपारचं, सरकणं एका बाजूचं, म्हणून 0.12 च्या फरकाच्या निम्मा, 0.06 मिलिमीटर, अलीकडं ओढायला पाहिजे. हे मी सांगितलं नाही. "कुठल्या टोकाला जाड हाय? त्या टोकाला काय धरलंय?" एवढंच विचारलं. पोरगं पुठ्ठ्याकडं बघत राहिलं, मग हळूच म्हणालं, "टेलस्टॉक हललाय व्हय?"

"हलतोय कसा? तू हात लावलास?"

"न्हाई मेस्त्री. काल संध्याकाळी तुम्ही ह्याच लेथवर टेपरचा जॉब काढला न्हवं?"

काढला होता. टेपर म्हणजे एका टोकाला निमुळता जॉब; त्यासाठी टेलस्टॉक मुद्दाम सरकवला आणि घरी जायच्या घाईत खुणेवर नुसता डोळ्यानं परत आणला. बारीक फरक दाखवणारा काट्याचा डायल लावलाच नव्हता. पलीकडच्या लेथवरचा खो खो हसायला लागला.

मी डायल आणला, पोराच्या हातात दिला. बाजूचा स्क्रू कुठला सैल करायचा, कुठला आवळायचा ते दाखवलं. तिसऱ्या खेपेला दोन्ही टोकं जुळली. चहा त्या दिवशी माझ्याकडून झाला.

पुठ्ठा अजून माझ्या टूलबॉक्सच्या झाकणात चिकटवलेला आहे.