अल्टरनेटरची शिट्टी अखेर सापडली, आणि ती ग्राउंडमध्ये नव्हतीच

गाडीच्या साउंड सिस्टीममधून इंजिन सुरू असताना येणारी बारीक शिट्टी मी शोधत होतो. तिचं मूळ अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र. आणि आता? इंजिन सुरू, एसी फुल, हेडलाइट चालू, व्हॉल्यूम शून्यावर आणि ट्वीटरमधून (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) चकार आवाज नाही! नेरूळच्या पार्किंगमध्ये ट्वीटरला कान लावून कितीतरी वेळ नुसता बसलो होतो. इतकं छान बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

मागच्या वेळी अँपच्या (ॲम्प्लिफायरच्या) नव्या ग्राउंडपर्यंत, म्हणजे त्याची निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला जोडण्यापर्यंत, आलो होतो. ते काम वाया गेलेलं नाही. सीटबेल्टचा बोल्ट सोडून डिकीतल्या जाड पत्र्यावर जागा निवडली, पॉलिश पेपरने रंग पार काढला आणि थिंबल (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) कसून बसवलं. गाणं जोरात चालू असताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून अँपच्या ग्राउंड टर्मिनलपर्यंत अर्ध्या व्होल्टच्या आसपास ड्रॉप यायचा, तो ०.०५ वर आला. सब (सबवूफर, खालच्या बासचा स्पीकर) घट्ट, नेमका वाजू लागला. शिट्टी मात्र जशीच्या तशी. ॲक्सिलरेटर दाबला की तिचा सूर वर चढणार म्हणजे चढणार.

मग एकेक वाट बंद करत गेलो. अँपमधून आरसीए (स्टिरिओकडून सिग्नल आणणाऱ्या केबल) काढल्या, शांत. म्हणजे अँप आणि पॉवरची बाजू सुटली. त्या जागी फोन जोडला (चार्जरला न लावता, नाहीतर ही चाचणी फसवते), तरी शांत. तोच फोन डॅशबोर्डच्या टोकाला, त्याच लांब आरसीए केबलवर लावला, तरीही शांत. केबलही निर्दोष निघाली. पॉवर डावीकडून आणि सिग्नल उजवीकडून नेण्याची मेहनत कामी आली. उरलं एकच, हेड युनिट, म्हणजे डॅशबोर्डमधला स्टिरिओ.

वाशीच्या एका दुकानात ग्राउंड लूप आयसोलेटर (सिग्नलच्या वाटेत बसवायची, असा आवाज अडवणारी डबी) लावायला सांगत होते. मला ते पटत नाही. स्वस्त आयसोलेटरमधला चिमुकला ट्रान्सफॉर्मर खालचा बास खातो. एवढा सब बसवायचा आणि वाटेतच त्याचा घास काढून घ्यायचा, याला काय अर्थ?

म्हणून आरसीए अँपपासून मोकळ्या ठेवल्या, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोडणी सलग असेल तर बीप देणारी सेटिंग) घेतलं, एक प्रोब हेड युनिटच्या पत्र्यावर आणि दुसरा आरसीएच्या बाहेरच्या कड्यावर टेकवला. बीप यायला हवा. आला नाही. दुसऱ्या चॅनलवरही नाही. पिको फ्यूज गेलेला! पुष्कळ हेड युनिटांमध्ये आरसीएचं शील्ड (त्या बाहेरच्या कड्याला जोडलेली बाजू) आणि चासी, म्हणजे युनिटचा पत्रा, यांच्यामध्ये हा बारीक फ्यूज असतो. पॉवर चालू असताना आरसीए खुपसल्या किंवा अँपचं ग्राउंड सुटलं, तर करंट शील्डमधून परतीची वाट शोधतो आणि फ्यूज उडतो. मग सिग्नलला स्वतःचा परतीचा रस्ता उरत नाही. तो गाडीच्या बॉडीतून फिरून येतो आणि अल्टरनेटरचा रिपल (व्होल्टेजमधली बारीक थरथर) सोबत घेऊन येतो. युनिट गाडीसोबत जुनंच आलेलं, त्यामुळे फ्यूज कधी गेला हे कळायला मार्ग नाही.

तात्पुरता इलाज सोपा आहे. सोललेली तांब्याची तार आरसीएच्या बाहेरच्या कड्यांना गुंडाळली आणि दुसरं टोक युनिटच्या चासीच्या स्क्रूखाली आवळलं. इंजिन सुरू केलं आणि शिट्टी गायब.

आता गेन, म्हणजे अँप सिग्नल किती वाढवणार ती पातळी, नीट लावता आला. मीटर अँपच्या आउटपुटवर. स्पीकर काढून, चॅनलला ५० वॉट, ४ ओहम धरून १४.१ व्होल्ट, १ किलोहर्ट्झच्या टोनवर. सबसाठी २५० वॉट, ४ ओहम, म्हणजे ३१.६ व्होल्ट, ५० हर्ट्झवर. दोन्हीकडे क्रॉसओव्हर (सब आणि बाकी स्पीकर यांच्यात सूर वाटणारी सीमा) ८० हर्ट्झवर. मग पाम बीच रोडला एक फेरी मारली. तबल्याच्या सोलोमध्ये डग्ग्यावर तळवा सरकतो तेव्हाचा घुमार आधी नुसता ‘धब’ असायचा, आता त्यातला सूर वळताना ऐकू येतो.

वायर घेणाऱ्यांसाठी एक सांगतो. ‘चार गेज’ (वायरच्या जाडीचं माप) लिहिलेली किट घेण्याआधी टोक सोलून बघा आणि तार खरवडा. आत पांढरं दिसलं तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे. कित्येकदा त्यात धातूपेक्षा रबरच जाड असतं. मी लॅमिंग्टन रोडवरून मीटरवर शुद्ध तांब्याची घेतली. महाग पडली, पण थिंबल प्रेस करताना हाताला फरक कळतो.

पुढचा बेत दरवाज्यांच्या डॅम्पिंगचा (पत्रा थरथरू नये म्हणून आतून थर चिकटवण्याचा) होता. पण युनिट बाहेर निघणारच आहे, तर फ्यूज बदलण्यापुरतंच कशाला काढायचं? हे लिहिता लिहिताच वाटतंय की त्याच वेळी मागे डीएसपीची (आवाज नीट जुळवणारा डिजिटल प्रोसेसर) वायरिंगही ओढून ठेवावी, म्हणजे डॅश पुन्हा उघडायला नको. डॅम्पिंग मग पावसाळ्यानंतर. हेड युनिट उघडून पिको फ्यूज कुणी सोल्डर केला असेल तर सांगा, बोर्डावर तिथवर पोचायला काय काय सोडवावं लागतं?