नाव लिहू नका, आकार लिहा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवा, असा शाळेतून निरोप आला आणि मला सगळ्यात आधी आठवलं ते प्रयोगशाळेच्या कपाटातलं एक रजिस्टर. लाल कापडी पाठीचं, हजेरीपुस्तकासारखं लांबट. १९८८ च्या माझ्या दहावीच्या बॅचला आणि मागच्या-पुढच्या दोन-तीन बॅचना ते नक्की ठाऊक असेल. त्याला काही नाव नव्हतं. आम्ही त्याला 'कोंडाची वही' म्हणायचो.

त्या वेळी नववीच्या वर्गाच्या मागच्या खिडकीतून सावित्री दिसायची. महाबळेश्वरहून उतरलेली नदी आपल्या गावापाशी येईपर्यंत अगदी संथ होते. समुद्राची भरती जिथवर वर चढते, त्या टोकालाच आपलं गाव. शाळेच्या खालच्या अंगाला नदी वळते आणि वळणावर कोंड, म्हणजे खोल डोह आहे. कोंडाबद्दल बोलताना मोठ्या माणसांचाही आवाज खाली यायचा. सात खाटांचं सुंभ एकाला एक बांधून सोडलं तरी तळ लागत नाही, असं सगळेच सांगत. काठावर जांभळीखाली शेंदूर लावलेले सात दगड होते, त्या साती आसरा, पाण्यातल्या देवता. नवी सून आली की आधी तिथे नारळ आणि हिरव्या बांगड्या जायच्या.

पाण्यात कोण राहतं यावर मात्र गावाचं एकमत नव्हतं. कुणी म्हणे गिऱ्हा, बुडून मेलेल्याचं भूत, वाटसरूला 'इथून उतार आहे' असं सांगून खोल पाण्यात नेणारं. कोळीवाड्यातली मुलं सांगत की पाच-सहा कुबडांचा लांबलचक साप आहे, पहाटे एका काठावरून दुसऱ्या काठाला जातो. आमची गुरं राखणाऱ्या काकांनी काळा ओंडका 'चालताना' पाहिला होता. आणि माझी आजी म्हणायची, माघातल्या रात्री आसरा धुणं धुतात. धोपटण्याचा आवाज तिने स्वतः ऐकला होता. एक मोठा धप्प, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा धप्प.

आठवीत असताना एकदा विज्ञानाच्या तासाला एका मुलाने ओंडक्याची गोष्ट सांगितली. त्यानेही पाहिला होता, आदल्या रविवारी, प्रवाहाच्या उलट जाताना. वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते घाटावरून आलेले, आपल्याकडे नवीनच होते. म्हणाले, "लाकूड प्रवाहाच्या उलट जात नाही. म्हणजे ते जिवंत असणार." तेवढ्यात शेवटच्या बाकावरून कोळीवाड्यातला एक जण उभा राहिला. "सर, भरती असली तर जातं. आमचे तुटलेले फळकुटं भरतीला वरच येतात."

सर क्षणभर गप्प झाले. मग त्यांनी त्या मुलाला पुढे बोलावलं, भरती किती वाजता येते, रोज किती उशिराने येते, कुठवर चढते, सगळं फळ्यावर लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी रजिस्टर आलं. सरांनी आमच्यासमोर पट्टीने रकाने आखले: तिथी, वेळ, भरती की ओहोटी, पाणी गढूळ की नितळ, किती अंतरावरून, स्वतः पाहिलं की ऐकलं. आणि सगळ्यात रुंद रकाना, 'काय दिसलं'. त्याचा नियम एकच होता. नाव लिहायचं नाही, आकार लिहायचा. भूत, साप, सुसर, आसरा, यातला एकही शब्द त्या रकान्यात चालायचा नाही. किती लांब, कुठला रंग, पाण्याच्या वर किती, हललं तर कसं, एवढंच. सुरुवातीला ते फार अवघड गेलं. 'साप दिसला' हे दोन शब्दांत होतं. साप न म्हणता तो लिहायला बसलं की दहा मिनिटं जायची आणि आपण नेमकं काय पाहिलं हे त्या दहा मिनिटांत पहिल्यांदा कळायचं.

मुलं घरोघरी जाऊन विचारू लागली. सरांची सक्त ताकीद होती की सांगणाऱ्याला खोटं पाडायचं नाही, वाद घालायचा नाही, 'मग तुम्ही कुठे उभे होता?' एवढंच विचारायचं. त्या एका प्रश्नाने किती माणसं बोलती झाली! होडीने माणसं पार नेणाऱ्या तरीवाल्या आजोबांना कुणी कधी काही विचारलं नव्हतं. त्यांनी ओंडक्याची नोंद दिली, आणि ती नेमकी ओहोटीची निघाली. पाणी खाली चाललेलं आणि ओंडका वर. पुढच्या टोकाला दोन उंचवटे, थोडं मागे आणखी दोन. ते वाचून सरांनी रजिस्टर मिटलं आणि आम्हाला सांगितलं की आजपासून कोंडाच्या काठी एकट्याने कुणी जायचं नाही.

पाच कुबडांचा साप पहिला उलगडला. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सर आम्हा सात-आठ जणांना वरच्या अंगाच्या खडकांवर घेऊन गेले. एका सपाट दगडावर काळपट, ओलसर गोळे पडलेले होते. मासळीचा वास येत होता. सरांनी ते काडीने जुन्या वर्तमानपत्रावर घेतले आणि हळूहळू मोकळे केले. आत नुसते खवले, उन्हात चमकणारे, आणि खेकड्याच्या कवचाचे लालसर तुकडे. शेजारच्या ओल्या वाळूत पंजे उमटले होते, बोटांच्या मध्ये पडद्याची पुसट रेघ. आम्ही तिथेच बसून राहिलो. तासाभराने पाणमांजरांचं कुटुंब एकामागे एक कोंड ओलांडून गेलं. डोकं, पाठ, डोकं, पाठ. लांबून पाहिलं तर एकच जनावर वाटावं असं. कोळीवाड्यातल्या मुलाने मोजली, पाच होती. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. इतकी वर्षं त्याच्या घरची माणसं खरंच सांगत होती, हे त्याला सगळ्या वर्गासमोर कळलं होतं.

पावसाळ्याच्या रात्री ओल्या बांधावरून सरपटत जाणारा, मांडीएवढा जाड, बिनखवल्याचा 'साप' हा अहीर मासा असावा, हेही वहीतूनच पुढे आलं. अहीर आयुष्याचा बहुतेक काळ नदीत राहतो आणि अंडी घालायला समुद्रात जातो. पिल्लं पुन्हा नदीत चढतात. माणसाच्या उंचीएवढा वाढतो. ओल्या गवतातून त्याला थोडं अंतर सरपटत जाता येतं.

एक नोंद मला लिहाविशी वाटत नाही, पण टाळणंही बरोबर नाही. माझ्या नववीच्या पावसाळ्यात आपल्या शाळेतला एक मुलगा कोंडाच्या वरच्या टोकाला बुडाला. गावभर झालं की 'त्याने' ओढून नेला. त्या दिवसाच्या ओळीत सरांनी स्वतःच्या अक्षरात तिथी लिहिली, पूर आणि भोवरा लिहिलं, आणि 'काय दिसलं' या रकान्यात लिहिलं: कुणीही पाहिलेलं नाही. आठवडाभर सर आमच्याशी नीट बोलले नाहीत. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर ते तरीवाल्यांना घेऊन दोर आणि दगड घेऊन कोंड मोजायला गेले. अठरा हातांवर तळ लागला. सगळ्यात खोल जागा आसरांच्या दगडांच्या अगदी समोर होती. बायका पिढ्यानपिढ्या मुलांना जिथे जाऊ देत नव्हत्या, तिथेच.

ओंडक्याचं उत्तर मला शाळा सोडल्यावर बऱ्याच वर्षांनी पटलं. कातड्यासाठी देशभर मगरी इतक्या मारल्या गेल्या होत्या की १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९७५ चा मगर संवर्धन प्रकल्प आला तेव्हा बहुतेक नद्यांत त्या नावापुरत्या उरल्या होत्या. आमच्या पिढीच्या तोंडी 'सुसरबाई तुझी पाठ मऊ' ही म्हण होती, पण सुसर कुणी पाहिलेली नव्हती. म्हणून ती पुन्हा दिसू लागली तेव्हा तिला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. नाकपुड्यांचे दोन उंचवटे आणि मागे डोळ्यांचे दोन, तरीवाल्या आजोबांनी सांगितलं होतं तसेच. आता महाडला थंडीच्या सकाळी सावित्रीच्या काठावर मगरी तोंड उघडं टाकून उन्हात पडलेल्या कुणालाही दिसतात. उघड्या तोंडाने ती अंगातली उष्णता सांभाळते.

नोकरीत माझी बदली गोव्यात फोंड्याला झाली होती. तिथे दुर्भाटला पौष अमावास्येला माणगे थापणी होते, ती पाहायला गेले. खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या बांधाशी लोक चिखलाची मगर थापतात, पाठीवर खवल्यांसाठी शिंपल्या, दातांच्या जागी काड्या. पूजा करतात, पाण्यात आणि शेतात तिने सांभाळून घ्यावं म्हणून. मला तिथे उभ्या उभ्या आपल्या जांभळीखालचे सात दगड आठवले आणि फार रडू आलं. कोंडात एवढं सगळं राहत होतं आणि गावाने त्याला जागा दिली होती. आजही देवीची म्हणून काळ नदीवर वाळणकोंडात मासा कुणी मारत नाही. कुरमुरे टाकले की मोठमोठे महसीर वर येतात. आपल्या कोंडाला तशी राखण मिळाली असती तर पाणमांजरं अजून असती, असं मला वाटतं. गेल्या तीन फेऱ्यांत मला त्या खडकांवर एकही खूण सापडली नाही.

वही राहिली नाही. २००५ च्या जुलैच्या पुरात तळमजल्यावरचं जे भिजलं त्यात प्रयोगशाळेचं कपाट होतं. दहावीच्या सुट्टीत मी तिची काही पानं उतरवून घेतली होती, ती माझ्याकडे आहेत. आणखी कुणी उतरवली असतील तर शाळेच्या ग्रंथालयात द्यावीत. मीही माझी आणून देणार आहे. नव्या नववीतली मुलं रकाने आखतील.

माझ्याकडच्या पानांतली एक नोंद आजीची आहे. सरांनी मला सांगितलं होतं, घरच्यांची नोंदही इतरांसारखीच घ्यायची. मगर विणीच्या दिवसांत डोकं पाण्यावर आपटते आणि तो आवाज लांबवर जातो, हे मला कळलं तेव्हा आजी नव्हती. नोंद तशीच इथे देते:

माघ वद्य पंचमी. रात्री जेवणं झाल्यावर. ओहोटी. पाणी दिसलं नाही, अंधार. अंतर: आमच्या मागच्या पडवीतून कोंडापर्यंत. स्वतः ऐकलं. काय दिसलं: काही नाही. काय ऐकलं: ओलं जड कापड दगडावर आपटावं तसा आवाज, तीन वेळा, मध्ये बराच वेळ. तिसऱ्यानंतर बेडूकसुद्धा गप्प झाले.