कागदाची माळ टिकते का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रदर्शनात टेबलाशी आलेल्या बायका माळ हातात घेतात, उलटसुलट करून बघतात, "छान आहे" म्हणतात आणि मग आवाज जरा खाली आणून विचारतात, "पण हे टिकतं का हो?" तोवर त्यांना कळलेलं असतं की मणी कालनिर्णयच्या जुन्या पानांचे आहेत आणि मधलं पदक तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं. मला या प्रश्नाचा कधीच राग येत नाही. दागिना म्हटला की हे विचारलंच पाहिजे. फक्त त्याचं उत्तर उभ्याउभ्या देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी घरातली जुनी बोरमाळ आठवून बघा. ती सोन्याची म्हणून आपण जपतो, पण पुष्कळ जुन्या बोरमाळांत मण्याला वरून सोन्याचा पातळ पत्रा असतो आणि आत लाख भरलेली असते. लाख म्हणजे झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या बारीक किड्यांनी सोडलेली राळ. राळ, सोनं आणि दोरा अशा तीन वेगळ्या वस्तू एकत्र येऊन ती माळ होते आणि आजीकडून नातीकडे जाते. मधल्या काळात ती किती वेळा नव्यानं गाठवली गेली असेल, ते कोणी मोजत नाही. मंगळसूत्र, ठुशी, बोरमाळ गाठवणारे पटवेकरी नाशिकच्या सराफ बाजारात बसतात. मणी ओवण्याचं काम मी तिथेच बघून शिकले. एका वृद्ध पटवेकरी काकांनी मला दाखवलं होतं की मणी सहसा फुटत नाही, मण्याच्या भोकाच्या धारेवर दोरा घासतो आणि तिथे तुटतो. तेव्हापासून मी कोणतीही माळ हातात घेतली की आधी भोकं बघते, मग दोरा, मग कडी. रंग शेवटी.

आता कागद. सुटं पान ओढलं की फाटतं, हे खरंच. पण मणी करताना त्याची लांब त्रिकोणी पट्टी कापायची, एका टोकाला दीडेक सेंटिमीटर रुंद आणि दुसरीकडे निमुळती, लांबी ३० सेंटिमीटर. रुंद टोकाकडून विणकामाच्या बारीक सुईवर ती घट्ट गुंडाळत जायची, पहिला वेढा सोडून पुढे सगळीकडे फेव्हिकॉलचा पातळ हात. साध्या जाडीच्या कागदाचे मण्याच्या मध्यावर वीसेक थर बसतात. ते एकमेकांना चिकटून वाळले की नख रुतत नाही. कागद मुळात लाकडाच्या तंतूंचाच, आणि इतके थर एकजीव झाले की पुन्हा लाकडासारखाच वागतो. कालनिर्णयच्या पानाचा मणी दिसतोही सुरेख. रविवारचे आणि सणांचे लाल आकडे पट्टीच्या कडांवर तुकड्या-तुकड्यानं उतरतात आणि पांढऱ्यावर काळे-लाल ठिपके येतात. असे दोन मणी कधी सारखे होत नाहीत.

वर्तमानपत्र मी घेत नाही. त्या स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य राहिलेलं असतं, उजेडात तो पिवळा पडतो, शिवाय शाई बोटांना लागते. दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, कॅलेंडरं, लग्नपत्रिका हे कागद चांगले. लग्नपत्रिकांबद्दल एक सांगायला हवं. लोक त्या आनंदानं आणून देतात, कारण घरात ठेवायला जागा नसते आणि टाकवतही नाहीत. पण वरच्या गणपतीला मी कात्री लावत नाही. तो भाग अखंड कापून घेते आणि पाकिटांवर, भेटकार्डांवर चिकटवते. पट्ट्या होतात त्या उरलेल्या कागदाच्या. पत्रिका देणाऱ्या बाईंना हे आधीच सांगितलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो आणि मलाही बरं वाटतं.

दुकानाच्या बिलांचा गुळगुळीत कागद कोणी देऊ केला तर नम्रपणे परत करते. तो उष्णतेनं छापला जाणारा कागद आहे, रसायनाचा थर दिलेला. मानेवर दिवसभर ठेवायची ती वस्तू नव्हे.

"भिजली तर?" हा पुढचा प्रश्न असतोच. फेव्हिकॉल पाण्यानं पुन्हा मऊ पडतो, त्यामुळे वरचं आवरणच सगळी राखण करतं. बहुतेक नवशिक्या मुली मण्याला बाहेरून ब्रशनं वॉर्निश लावतात आणि भोक तसंच सोडतात. पाणी आणि घाम मग त्या भोकातून आत शिरतात, थर सुटतात, मणी फुगतो. म्हणून मणी अख्खा बुडवायचा, आतून-बाहेरून, आणि काडीवर टांगून वाळवायचा. असे तीन पातळ हात. फ्रेंच पॉलिश वापरायचा मोह होतो, कारण ते कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं आणि चकाकी छान येते. पण ते लाखेपासूनच बनतं आणि अल्कोहोलमध्ये विरघळतं. गळ्यावर सेंट मारलं की चकाकी गेली आणि मणी चिकट झाला. लाकडासाठी मिळणारं पॉलियुरेथेनचं आवरण त्यापेक्षा कितीतरी भरवशाचं.

हवामानही बघावं लागतं. पावसाळ्यात मणी वाळता वाळत नाहीत, दोन हातांमध्ये पूर्ण दिवस सोडावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा रात्री दहाच्या खाली येतो तेव्हा वेगळी अडचण. इतक्या थंडीत फेव्हिकॉल नीट धरत नाही, पांढरट, भुसभुशीत वाळतो. त्या दिवसांत मी चिकटवायचं काम दुपारीच करते आणि संध्याकाळी पत्रा किंवा तार हातात घेते.

पत्र्याचं पदक करायला लागले ते भांडी बाजारातली तांब्याची भांडी बघून. बंबावर, घागरीवर ठोक्यांचे जे चकचकीत ठसे असतात, ते मठारकाम. ते शोभेचं वाटतं, पण ठोक्यानं धातू कडक होतो आणि भांड्याचा आकार पक्का राहतो. तेच तत्त्व डब्याच्या पत्र्याला लागू पडतं. सपाट कापलेला तुकडा बोटानं वाकतो. त्याला लाकडी ठोकळ्यावर हलके ठोके देऊन जरा घुमट आणला, कड आत दुमडून कानशीनं घासली, की तो वाकत नाही आणि साडीचा धागाही ओढत नाही. तार मिळते मोटार वाइंडिंगवाल्यांकडे. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांमुळे अशी दुकानं आपल्याकडे पुष्कळ. जळालेल्या मोटारीतून निघालेल्या तारेत चांगली लांबी शोधावी लागते, पण जिथे तारेवरचा पातळ मुलामा शाबूत असतो तिथे तांबं लवकर काळं पडत नाही आणि कातडीला हिरवा डागही लागत नाही.

रसाच्या आणि ताकाच्या खोक्यांचं मला विशेष प्रेम आहे. पुठ्ठा, पॉलिथिन आणि ॲल्युमिनिअम असे थर त्यात कारखान्यातूनच चिकटून आलेले असतात. धुऊन उलटं केलं की आतली रुपेरी बाजू मिळते. त्याचे झुमके इतके हलके होतात की कानाची पाळी ओघळलेल्या आज्यासुद्धा दिवसभर घालतात. कापलेली कड तेवढी वॉर्निशनं बंद करायची, कारण पुठ्ठा तिथेच उघडा पडतो.

कानात जाणारी तार मात्र मी कधीच जुनी वापरत नाही. ती चांदीची किंवा चांगल्या स्टीलची, नवी. स्वस्त मिश्रधातूत निकेल असतं, अनेकींना त्याची ॲलर्जी असते, कान सुजतो, पाणी येतं. घरातलं जुनं वापरण्याचा माझा आग्रह कितीही असला तरी तो दुसऱ्याच्या कानावर चालवायचा नाही. तसंच जुन्या रंगवलेल्या खेळण्यांचं आणि फर्निचरच्या तुकड्यांचं. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ही मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीचा रंग आत काय घेऊन बसलाय ते डोळ्यांना दिसत नाही, आणि लहान मुलं आईच्या गळ्यातलं सगळं तोंडात घालतात. कॉम्प्युटरच्या हिरव्या पट्ट्यांची पदकं आजकाल खूप दिसतात. दिसतात देखणी, पण जुन्या पट्ट्यांच्या डाखात शिसं असतं, म्हणून मी ती करत नाही. औषधांच्या रिकाम्या पाकिटांची चमकीही नको. त्यातलं प्लास्टिक बहुधा पीव्हीसी असतं आणि ते मेणबत्तीवर धरलं की हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा वायू निघतो. हे सगळं शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्याच दिवशी सांगते, कात्री हातात देण्याआधी.

तर, टिकतं का? मण्यांच्या प्रत्येक खेपेतला एक मणी मी रात्रभर पाण्यात ठेवते आणि सकाळी ब्लेडनं उभा चिरते. आत ओल दिसली तर ती खेप गळ्यापर्यंत जात नाही, तिची तोरणं होतात आणि दाराच्या आतल्या बाजूला लागतात. जी खेप कोरडी निघते ती मेण लावलेल्या नायलॉनच्या दोऱ्यात, दर मण्यानंतर गाठ मारून ओवते. एके ठिकाणी तुटलीच तर बाकीचे मणी जागच्या जागी राहतात. मागे ठुशीला असतो तसा सरकता गोंडा. पावसात चार थेंब पडले तर पुसून घ्या, काही होत नाही. आंघोळीला मात्र काढून ठेवा. लाखेची बोरमाळही कढत पाण्यापासून जपतातच ना. कपाटात गुंडाळून ठेवू नका, टांगून ठेवा. आणि दोरा कुठे सैल किंवा केसाळ वाटला तर तुटायची वाट न बघता माळ घेऊन या. नव्यानं गाठवून देते, त्याचे पैसे घेत नाही.