«तू फक्त अभ्यास कर» आणि त्यामागचा हिशोब

दहावीचा निकाल लागला की धाराशिव, बीड, परभणी, हिंगोलीकडच्या गावांत एकच चर्चा सुरू होते: नीटच्या, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या, क्लाससाठी लातूरला टाकायचं का नांदेडला? नव्वदच्या वर मार्क पडले असतील तर चर्चासुद्धा होत नाही, थेट गादी गुंडाळायला घेतात. पंधरा-सोळा वर्षांचं लेकरू पेटी आणि गादी घेऊन खोलीवर उतरतं आणि घरचे परत निघताना सांगतात, «तू फक्त अभ्यास कर, पैशाचं आमी बघताव.»

वाक्य मायेचंच आहे. पण माझं मत असं, की पोरांची पहिली अडचण तिथूनच सुरू होते. पैसा कुठून आला हे पोरांना कळत नाही असं घरच्यांना वाटतं. पोरांना सगळं कळतं, फक्त आकडा माहीत नसतो. मग ती अंदाज बांधतात आणि अंदाज खऱ्यापेक्षा मोठाच निघतो. पहिल्या टेस्टला कमी मार्क पडले की त्या अंदाजाचं ओझं होतं, आणि घरी बोलायची सोय राहत नाही, कारण आपलं काम «फक्त अभ्यास».

म्हणून जायच्या आधी एका संध्याकाळी वहीचं एक पान घेऊन सगळ्यांनी बसावं. क्लासची फी, खोलीभाडं, मेस, पुस्तकं, येणं-जाणं, किरकोळ. समोर लिहायचं की कोणता पैसा कशातून आणि कधी येणार. इथं एक गोष्ट लगेच दिसते: शेतकऱ्याच्या घरचं पैशाचं वर्ष आणि क्लासचं वर्ष जुळत नाही. फीचा मोठा हप्ता जून-जुलैत मागतात, आणि नेमकं तेव्हाच बियाणं, खत, पेरणी. सोयाबीनचे पैसे दसरा-दिवाळीच्या पुढेमागे हातात येतात, कापसाची वेचणी दिवाळीनंतरही चालू असते, तूर जानेवारीत, हरभरा फेब्रुवारी-मार्चात. तेव्हा प्रवेश घेतानाच सांगायचं, आत्ता थोडे देतो, मोठा हप्ता नोव्हेंबरात आणि उरलेला फेब्रुवारीत. क्लासवाल्यांना हे नवं नसतं, त्यांच्याकडं येणारी पोरं शेतकऱ्यांचीच असतात. पण हे बोलणं पावती फाडायच्या आधी व्हायला पाहिजे, आणि हप्त्यांच्या तारखा पावतीवरच लिहून घ्यायच्या. तोंडी ठरलेलं ऑगस्टमध्ये काउंटरवरच्या माणसाला आठवत नाही.

खोली बघताना पोरं खिडकी आणि टेबल बघतात, बाप भाडं बघतो. पाण्याचं कुणी विचारत नाही. लातूरला 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे विसरून चालणार नाही. बोअर आहे का, उन्हाळ्यात टिकतो का, टँकर आणावा लागला तर पैसे कुणाचे, प्यायच्या पाण्याचा जार भाड्यात धरलाय का वेगळा, हे विचारावं. लाईटबिलाला वेगळं मीटर आहे का खोल्यांवर वाटून घेतात, हेही. डिपॉझिटचा आकडा सगळे विचारतात. मधेच खोली सोडली तर त्यातलं परत किती मिळणार, हे मात्र राहून जातं. मुलींसाठी गेट किती वाजता बंद होतं आणि क्लासची शेवटची बॅच किती वाजता सुटते, या दोन वेळा एकमेकींशी ताडून बघाव्यात.

मेसचे पैसे पहिल्याच दिवशी महिन्याचे भरू नयेत. दोन-चार दिवस सुटे पैसे देऊन जेवून बघावं, तेही रात्रीचं, कारण दुपारचं जेवण बहुतेक ठिकाणी बरं असतं. गावाला गेल्यावर खाडे धरतात का, किती दिवसांपासून धरतात, आणि रविवारी रात्री मेस बंद असते का, हे आधी कळलेलं बरं. बंद असेल तर त्या रात्रीसाठी घरचं काहीतरी पाहिजे. शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची चटणी महिनाभर चालते, पण ओला चमचा घातला की तिला बुरशी धरते. म्हणून एक मोठा डबा देण्यापेक्षा तीन लहान डबे द्यावेत आणि एका वेळी एकच उघडावा. धपाटे प्रवासाला उत्तम. मात्र कांदा किंवा दही घालून मळलेले दुसऱ्या दिवशीच वास मारतात. नुसतं तिखट, लसूण, तीळ, ओवा घालून पातळ थापून खरपूस भाजलेले दोन-तीन दिवस राहतात. गरम असताना डबा बंद केला तर तेही नाही, वाफेनं पाणी सुटतं.

काही घरांत आईच लेकरासोबत येऊन खोली करते. घरचं ताजं जेवण, कपड्यांची काळजी नाही, पोरगं डोळ्यांसमोर. याचा फायदा होतो, नाही असं नाही. पण मागं गावाकडं काय होतं तेही त्या वहीच्या पानावर यायला पाहिजे. बाप शेतात, म्हातारे आजी-आजोबा, दोन जनावरं आणि आठवी-नववीतली बहीण. भाकरी कोण थापणार? बहिणीचं दहावीचं वर्ष चुलीपुढं जातं आणि मग तिला मार्क कमी पडले म्हणून तिचा प्रश्न आपोआप «सुटतो». भावाच्या डॉक्टरकीचा हा खर्च कुठल्याच पावतीवर येत नाही. आईनं यायचंच असेल तर परीक्षेआधीचे दोन-तीन महिने यावं, आणि तेवढ्या दिवसांसाठी गावाकडं स्वयंपाकाला बाई लावावी किंवा डबा ठरवावा. पैसे लागतील, पण तो खर्च उघड तरी दिसेल.

आता टेस्ट. दहावीला 95 टक्के असलेलं पोरगं पहिल्या टेस्टला निम्मेही मार्क काढत नाही आणि सगळं घर हबकतं. यात नवल काही नाही. दहावीला लेखी 80 आणि शाळेकडचे 20, त्यात पायऱ्यांना मार्क, आकृतीला मार्क. नीटला 2025 पासून 180 मिनिटांत 180 प्रश्न, एकूण 720 मार्क; बरोबरला चार, चुकीला वजा एक, पायऱ्या कुणी बघत नाही. येत असलेला प्रश्न घाईत चुकवला की पाच मार्कांचा फरक पडतो: मिळणारे चार गेले, वरून एक कापला. उलट काहीच येत नसलेले चार प्रश्न डोळे मिटून ठोकले तर प्रत्येकाला चार पर्याय असल्यानं हिशोबानं एखादा बरोबर येणार, म्हणजे चार आले, तीन गेले, हाती एक. तेव्हा रात्रभर «ठोकायचं का सोडायचं» यावर डोकं फोडण्यात अर्थ नाही. मार्क जातात ते येत असलेल्यात.

त्यासाठी प्रत्येक टेस्टनंतर वहीत तीन रकाने करावेत. माहीतच नव्हतं, माहीत होतं पण प्रश्न नीट वाचला नाही, आकडेमोड किंवा गोल भरताना चूक. पहिल्या रकान्यातल्यासाठी पुस्तक उघडायचं. दुसऱ्यासाठी प्रश्नातल्या «अयोग्य विधान», «वगळता» अशा शब्दांखाली पेनानं रेघ मारायची सवय लावायची. तिसऱ्यातल्या चुका शेवटच्या अर्ध्या तासात जास्त होत असतील तर वेळेची वाटणी चुकतेय: जीवशास्त्राचे 90 प्रश्न 50 मिनिटांत आवरले तर भौतिक आणि रसायनला श्वास मिळतो. ही वही पोरानं स्वतःसाठी लिहायची असते, सुंदर अक्षरात सजवत बसायची नाही.

आणि फोन. क्लासचा मेसेज पोराच्या आधी बापाच्या मोबाईलवर पडतो. मग फोन येतो, «जेवलास का? काय करायलास? … किती पडले?» पहिले दोन प्रश्न तिसऱ्यासाठीच विचारलेत हे पलीकडच्याला कळतं, आणि तो आकड्यात दहा वाढवून सांगतो. त्याऐवजी «ह्या खेपंला वाचायच्या चुका किती?» असं विचारलं तर पोरगं खरं बोलतं, कारण चूक कुठली हे सांगण्यात लाज कमी असते. हा प्रश्न विचारायला बापानं फिजिक्स शिकलेलं असायची गरज नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिले दोन-तीन महिने जास्तच जड जातात, कारण वर्गात सगळं इंग्रजीत चालतं. नीटचा पेपर मराठीतही मिळतो, पण शिकवणं आणि सराव इंग्रजीत झाला असेल तर फॉर्म भरताना मराठी पेपर निवडून गोंधळच वाढतो. जूनमध्येच एकदा ठरवून टाकावं. आणि बारावी बोर्डाची पुस्तकं बालभारतीची, नीटचा अभ्यास एनसीईआरटीच्या केंद्रीय पुस्तकांवर, ही दोन दावणी आहेत हे ध्यानात ठेवावं. बोर्डाच्या प्रॅक्टिकलचे 30 मार्क कॉलेजात जाऊनच मिळतात. इंजिनिअरिंगसाठी सीईटी देणाऱ्यांचं गणित आणखी वेगळं: तिथं निगेटिव्ह मार्किंग नाही आणि अकरावीचा भाग साधारण 20 टक्केच, त्यामुळे भर बारावीवर.

कागदपत्रांचं थोडक्यात. 2025-26 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाईन आहेत, जास्तीत जास्त दहा कॉलेजं पसंतीक्रमानं भरता येतात. पहिल्या पसंतीचं मिळालं आणि घेतलं नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर, म्हणून जिथं खरंच जायचं नाही ते कॉलेज वर टाकू नये. जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, रहिवासी हे परीक्षा संपल्याबरोबर मार्च-एप्रिलमध्ये काढायला टाकावं. जूनमध्ये दाखले काढायच्या सेतू केंद्रावर उभं राहायला जागा नसते. जात पडताळणीला ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा, अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 आधीचा, भटक्या-विमुक्तांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आधीचा पुरावा लागतो. बहुतेकदा आजोबांच्या किंवा चुलत आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा कामी येतो. आपल्याकडं निजामाच्या काळातल्या नोंदी उर्दूत, काही मोडीत असतात. त्यांचं भाषांतर जाणकाराकडून करून घ्यायला वेळ जातो. आडनाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर गावावरून पडलेलं असेल तर ते आत्ताच सरळ करावं.

शेवटचं बोलणं सगळ्यांना अवघड वाटतं: जमलं नाही तर काय? तेही त्याच संध्याकाळी व्हावं. दिवाळीच्या सुट्टीत पोरगं घरी येतं तेव्हा पुन्हा बसायचं, आणि तोवर झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, रडणं थांबत नसेल तर परत यायचा रस्ता उघडा आहे हे त्याला आधीपासून माहीत पाहिजे. अकरावी करून बारावीला तालुक्याच्या कॉलेजात येता येतं. दाखला वेळेत काढला तर वर्ष जात नाही. क्लासची उरलेली फी परत मिळते का आणि किती, हे प्रवेशाच्या दिवशीच लेखी घेतलेलं असलं म्हणजे झालं.