तुम्ही विचारलंत म्हणून: ज्यू आधी की पारशी?

प्राचीन पश्चिम आशियावर कुठेही बोलायला गेलो की शेवटी हा प्रश्न ठरलेला: "एकच देव मानणारा सगळ्यात जुना धर्म कुणाचा, ज्यूंचा की पारशांचा?" मुंबईत तर हमखास, कारण अग्यारी आणि सिनेगॉग दोन्हींवरून रोज जाणारी मंडळी समोर बसलेली असतात. एखादे वाचलेले काका मागून विचारतात, "आणि अखेनातेन?"

त्याचं आधी उरकतो. तारखेनिशी बोलायचं तर पहिला नंबर त्याचाच. इ.स.पू. १३५० च्या आसपास या इजिप्तच्या राजाने अतेन म्हणजे सूर्यबिंब तेवढं ठेवलं, हल्लीच्या अमार्नाला नवी राजधानी वसवली आणि आमून देवाचं नाव जागोजागी छिन्नीने खरवडून काढायला लावलं. बापाचं नाव आमेनहोतेप, त्यातला आमूनही सुटला नाही. पण राजा गेला आणि काही वर्षांत जुने देव परत आले. मागे अनुयायीच उरले नाहीत, त्याला धर्म म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पारशांचा प्रेषित झरथुष्ट्र, त्याची पंचाईत वेगळी. त्याच्या १७ गाथांची, म्हणजे स्तोत्रांची, भाषा ऋग्वेदाला इतकी जवळची की बरेच अभ्यासक त्याला इ.स.पू. १५०० ते १००० मध्ये बसवतात, तर काही जण थेट सहाव्या-सातव्या शतकात आणतात. गाथांत अहुर मज्द हा देव सर्वश्रेष्ठ आहे, यात शंका नाही. पण इराणच्या दारियस राजाचा तिथल्याच बेहिस्तूनच्या कड्यावरचा लेख वाचा. ओळीओळीला अहुर मज्दाची कृपा, आणि मध्येच आपल्याला साहाय्य करणारे "इतर जे देव आहेत ते"ही येतात. पर्सेपोलिस या इराणी राजधानीतल्या मातीच्या पाट्यांत तर हुंबान या एलामी (इराणच्या नैऋत्येकडच्या जुन्या लोकांच्या) देवाच्या पूजेसाठी सरकारी कोठारातून शिधा दिल्याच्या नोंदी आहेत.

ज्यूंच्या बाबतीत मात्र एकेश्वरवाद घडताना दिसतो, आणि तो वाटतो तितका जुना निघत नाही. "माझ्याखेरीज तुला अन्य देव नसावेत" ही बायबलमधली आज्ञा इतर देव नाहीतच असं कुठे म्हणते? सिनाईत कुंतिलेत अजरूदला १९७५-७६ च्या उत्खननात इ.स.पू. ८०० च्या सुमाराचे मोठे रांजण सापडले. त्यांच्यावर शाईने आशीर्वाद लिहिलेत: शोमरोन या इस्राएलच्या राजधानीतल्या याहवेच्या (याहवे म्हणजे ज्यूंचा देव) "आणि त्याच्या अशेराच्या" नावाने. अशेरा ही देवी की तिचा पवित्र खांब, यावर पंडित अजून भांडताहेत. मला यातलं काहीही चालेल; याहवे एकटा नव्हता एवढं दोन्हींतून निघतंच.

इ.स.पू. ६२२ च्या सुमारास योशीया राजाने अशेराला यरुशलेमच्या मंदिरातून काढलं, असं बायबलच सांगतं. पुढे ५८६ मध्ये बाबिलोनी फौजेने ते मंदिरच जाळलं. देऊळ पडलं की देव हरला, हा त्या काळचा सरळ हिशेब. बाबिलोनला बंदी करून नेलेल्या ज्यूंनी तो उलटा मांडला: शत्रूची फौजही आमच्याच देवाने धाडली. असं म्हटल्यावर बाबिलोनच्या मर्दुक देवाला कामच उरत नाही. "मीच परमेश्वर, अन्य कोणी नाही" हे बायबलमधल्या यशया ग्रंथातले शब्द बहुतेक अभ्यासक याच काळातले मानतात. माझ्या मते खरा एकेश्वरवाद इथे सुरू होतो, पराभवातून.

तोही सगळीकडे पोचला नव्हता. आस्वानजवळ नाईलमधल्या एलिफंटाइन बेटावर ज्यू शिपायांची वस्ती होती. तिथली इ.स.पू. ४०० च्या सुमाराची वर्गणीची यादी पपायरसवर टिकली आहे. माणशी दोन शेकेल चांदी, देणाऱ्यांत बायकाही भरपूर. शेवटी वाटणी: याहूला (म्हणजे याहवेलाच) १२ कर्श ६ शेकेल (कर्श म्हणजे दहा शेकेल), एशेम-बेथेल या दुसऱ्या देवाला ७ कर्श आणि अनत-बेथेल देवीला १२ कर्श. देवीला याहूपेक्षा जेमतेम सहा शेकेल कमी!

मग पुढचा प्रश्न येतो, ज्यूंनी ही कल्पना इराण्यांकडून उचलली का? देवदूत, अंतिम न्याय यांबाबत तसं म्हणायला जागा आहे. एका देवाबद्दल मला पुरावा तोकडा वाटतो. इ.स.पू. ५३९ मध्ये इराणच्या सायरसने बाबिलोन घेतलं. यशया म्हणतो, त्याला याहवेने हाताला धरून आणलं. सायरसचा स्वतःचा मातीचा लेख बाबिलोनलाच सापडला, तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात श्रेय मर्दुकाला दिलंय. अहुर मज्दाचं नाव दोन्हीकडे नाही.